रात्री दोनचे डंपर, आमचा ओढा आणि राडारोडा

मुठाकाठी | १२ जानेवारी २०२५

सिंहगड रस्त्याला राहतो. सोसायटीचं नाव देत नाही, कारण आमच्या अध्यक्षांना 'सोसायटीची बदनामी' हा शब्दप्रयोग फार प्रिय आहे.

मागच्या कुंपणाला लागून ओढा आहे, पुढे जाऊन मुठेला मिळतो. २०१२ साली राहायला आलो तेव्हा छोट्या पुलावरून वाकून बघितलं की पाणी चांगलं दोन पुरुष खाली दिसायचं. आता पुलाखाली उभं राहिलं तर डोकं आपटेल, इतका भराव आलाय. त्यावर एरंड माजलाय.

दिवाळीपासून प्रकार फारच वाढला. रात्री दीड ते तीनच्या मध्ये राडारोड्याचे, म्हणजे पाडकामाच्या विटा-काँक्रीटचे, डंपर येतात, दिवे बंद करून. ट्रॉली उचलल्याची घरघर, मग फाळका धाडकन आपटतो आणि तिसऱ्या मजल्यावर आमच्या खिडकीच्या काचा वाजतात. दहा मिनिटांत गाडी गायब. आठवड्यातून एकदा भल्या पहाटे जेसीबी येऊन ढीग सपाट करून जातो. म्हणजे हे कुणी घाईत टाकून पळालेलं नाही, पद्धतशीर काम आहे.

आणि राडारोडा पडला की बाकीचे मागोमाग येतातच. फाटक्या गाद्या, हॉटेलचं उष्टं, थर्माकोल, लग्नाच्या हॉलमधल्या प्लॅस्टिकच्या ताटल्या. मग रविवारी पहाटे कुणीतरी काडी लावतं. आईला दमा आहे, रविवारी आम्ही खिडक्या लावूनच उठतो.

महापालिकेच्या ॲपवर तक्रार टाकली, फोटोसकट. चौथ्या दिवशी उत्तर आलं, 'तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.' सोबत झाडून घेतलेल्या जागेचा फोटो. जागा छान स्वच्छ होती, फक्त आमची नव्हती.

कुणी असल्या प्रकरणाचा पाठपुरावा केला आहे का? काय केलंत, कुठे अडलात?

जुना_कोथरूडकर | १२ जानेवारी

तुमच्याबद्दल सहानुभूती आहेच, पण थोडा इतिहास. आमच्या कोथरूडला पौड रस्त्यावर शहराचा कचरा डेपो होता. वारं फिरलं की जेवणाच्या ताटावर माश्या. आम्ही मोर्चे काढले, निवेदनं दिली, शेवटी डेपो बंद झाला आणि आम्ही पेढे वाटले. मी स्वतः वाटलेत. आज त्या जागी मेट्रोचा डेपो आहे आणि आजूबाजूच्या फ्लॅटचे भाव विचारायची सोय नाही.

कचरा मात्र संपला नव्हता. तो उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जायला लागला. पेढे वाटताना हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

फुरसुंगीकर | १२ जानेवारी

काका, पेढे आमच्यापर्यंत पोचले नाहीत, कचरा पोचला.

चेष्टा सोडा. आमच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी मी लहानपणी ओंजळीनं प्यायलोय. डेपोच्या ढिगातून पावसाळ्यात जे काळं पाणी झिरपतं ते ओढ्यानं आणि जमिनीखालून येतं. पाण्याला तांबूस रंग आला, मग वास आला, मग जनावरंसुद्धा तोंड लावेनात. पुढं कित्येक वर्षं गावाला टँकर. चुलतभावाची सोयरीक दोनदा मोडली, पोरीकडचे लोक दारात उतरून वास घेऊन परत गेले. २०१४ ला गावानं गाड्या अडवल्या तेव्हा पुण्यातल्या लोकांना पहिल्यांदा कळलं की आपला कचरा कुठंतरी जातो. २०१७ ला आम्हाला महापालिकेत घेतलं, गेल्या सप्टेंबरात परत बाहेर काढून आमची वेगळी नगरपरिषद केली. ढीग मात्र कुठं गेला नाही.

मुठाकाठी, तुमचा ओढा बघून वाईट वाटलं. पण खरं सांगू का, थोडं बरं पण वाटलं. माफ करा.

खरंच_विचारतोय | १३ जानेवारी

विषय भरकटतोय. उरुळीचा डेपो अधिकृत होता, धागा बेकायदेशीर टाकण्याबद्दल आहे. दोन्ही एकात मिसळू नका.

फुरसुंगीकर | १३ जानेवारी

विहिरीला अधिकृत आणि अनधिकृत कळत नाही दादा.

दोन_ब्रास | १३ जानेवारी

मी छोट्या कंत्राटदारांकडे साइट सुपरवायझर म्हणून अकरा वर्षं काढली आहेत. या धंद्याचं गणित लिहितो, म्हणजे रागवायचं कुणावर ते नीट ठरवता येईल.

पहिली गोष्ट, राडारोड्याला तुम्ही कचरा समजता. धंद्यात तो भराव आहे, आणि भरावाला गिऱ्हाईक आहे. ओढ्याकाठी, नदीकाठी ज्याची खोलगट जमीन आहे त्याला ती रस्त्याच्या पातळीला आणायची असते. मुरूम विकत आणायचा तर ब्रासला, म्हणजे शंभर घनफुटांना, पैसे मोजावे लागतात. राडारोडा फुकट मिळतो, उलट काही ठिकाणी जागावाला गाडीमागे पैसे घेतो. हायवेला 'भराव टाकून मिळेल' किंवा 'येथे भराव पाहिजे' असे मोबाइल नंबरसकट बोर्ड असतात, बघितले नसतील तर उद्या बघा. तीन-चार वर्षांत जमीन सपाट होते. मग पत्र्याची शेड, मग गाड्या धुण्याचं सेंटर, मग लग्नाचं लॉन. तुमच्याकडे जेसीबी येऊन सपाट करतो म्हणालात ना? मग तिथे कुणाची तरी जमीन 'तयार' होते आहे. डंपरवाला शोधू नका, जमीन कुणाची ते शोधा.

दुसरी गोष्ट, अंतर. राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प वाघोलीला आहे. सिंहगड रस्त्यावरून वाघोली म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं. दिवसा अवजड गाड्यांना बंदी, रात्री जाऊन-येऊन एकच खेप पडते. त्याच रात्रीत ओढ्यावर चार खेपा होतात. डिझेल, ड्रायव्हरचा भत्ता, वरचा 'चहापाणी' धरला तरी ओढा स्वस्त.

तिसरी, नियम. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे वेगळे नियम २०१६ साली आले. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून जास्त राडारोडा काढणाऱ्याने काँक्रीट, माती, विटा-गिलावा आणि लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक असं वेगवेगळं करायचं आणि विल्हेवाटीचा आराखडा आधी मंजूर करून घ्यायचा. मोठे बिल्डर निदान कागदावर करतात. पण शहरात सर्वांत जास्त डोकेदुखी लहान कामांची. एक बाथरूम फोडलं तर पन्नास-साठ गोण्या निघतात. त्यालाही नियम आहे, ठरवून दिलेल्या जागी नेऊन टाकायचं असतं. पण आराखडा मागणारं, गाडी मोजणारं कुणी नाही. सगळं तोंडी.

अस्सल_पुणेरी_७७ | १३ जानेवारी

एवढी गणितं कशाला. सरळ आहे, बाहेरून आलेली माणसं आणि वस्तीवाले घाण करतात. आपल्या लोकांना कचरा कुठे टाकायचा याचं वळण आहे.

सुमनची_लेक | १३ जानेवारी

माझी आई वस्तीत राहून बावीस वर्षं कचरा वेचायची. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची पंचायत उभी राहिली, त्यातली ती सुरुवातीची सभासद. पुढे २००७-०८ च्या सुमाराला 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि ती ढकलगाडी घेऊन घरोघरी जायला लागली. तुमच्या 'वळण' असलेल्या लोकांचा कचरा तिने हाताने वेगळा केलाय. त्यामुळे मला थोडं माहीत आहे.

उघड्यावर फेकलेल्या ढिगात काय असतं ते सांगते. इन्सुलिनच्या सुया, टोपण न लावलेल्या. ट्यूबलाइटच्या काचा. वर्तमानपत्रात न गुंडाळलेले सॅनिटरी पॅड. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढंच या बायका मागत होत्या, त्यासाठी मोहीम काढावी लागली. आईच्या उजव्या तळहातावर टाके आहेत, फुटलेल्या फिनेलच्या बाटलीचे. कचरा घंटागाडीत किंवा ढकलगाडीत आला तर निदान माणूस समोर असतो, 'ताई, काच वेगळी द्या' म्हणता येतं. रात्री ओढ्यावर फेकलेल्या पिशवीला काय सांगणार?

आणि वस्तीतले लोक डंपरने कचरा टाकत नाहीत हो. डंपर आहे कुणाकडे?

अस्सल_पुणेरी_७७ | १३ जानेवारी

तुमच्या आईंबद्दल आदर आहे. मी सरसकट म्हटलं नव्हतं.

बिनपाण्याचा_मासा | १४ जानेवारी

सरसकटच म्हटलं होतंत. वर दिसतंय.

पाटबंधारे_निवृत्त | १६ जानेवारी

उशिरा वाचला धागा. नोकरी पाण्याच्या खात्यात गेली, म्हणून एका मुद्द्यावर सविस्तर लिहितो. वास, माश्या, धूर हे परिणाम लोकांना दिसतात. भरावाचा खरा परिणाम एका रात्रीत येतो आणि तोपर्यंत कुणाला पटत नाही.

मुठेसाठी दोन रेषा आखलेल्या आहेत. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, पुण्यात ती ६०,००० क्युसेक धरून आखली आहे. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, १,००,००० क्युसेकची. आता गेल्या वर्षीचा २५ जुलै आठवा. खडकवासल्यातून सोडलेलं पाणी ३५,००० क्युसेकच्या आसपास होतं. धरणाच्या खालच्या भागात पडलेला पाऊस त्यात मिसळला हे खरं, तरीही धरणाचा आकडा निळ्या रेषेच्या आकड्यापासून बराच लांब होता. आणि नदीकाठच्या एकतानगरीत लोकांना होडीतून बाहेर काढावं लागलं. रहिवाशांनी त्या दिवसापासून नदीपात्रातल्या राडारोड्याकडे बोट दाखवलं आहे. पाणी सोडण्याची पूर्वसूचना, पात्रातली बांधकामं अशी इतर कारणंही आहेत, सगळं एकट्या भरावावर ढकलणार नाही. पण भांड्यात आधीच वाळू भरलेली असेल तर अर्ध्या पाण्यात ते उतू जाणार, याला अभियंता लागत नाही.

ओढ्याचं तर याहून वाईट. नदीला पसरायला थोडी जागा असते, ओढ्याला नसते. पंधरा फूट रुंदीच्या ओढ्यात एका बाजूने पाच फूट भराव आला की पाणी वहायची जागा एक तृतीयांशच कमी होते असं नाही. भरावातून सळया, गोण्या, प्लॅस्टिक सुटतं आणि पुढच्या रस्त्याखालच्या पहिल्या मोरीच्या तोंडाशी जाऊन बसतं. मग ती मोरी ओढ्याचं बूच होते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा कात्रजकडून उतरला तेव्हा शहर आणि परिसरात २० हून अधिक माणसं गेली. पाऊस भयंकर होता. पण पाण्याने जो रस्ता शोधला तो घरांमधून होता, कारण त्याचा स्वतःचा रस्ता आपण अरुंद केला होता.

मुठाकाठी, तुमच्या पुलाखाली डोकं आपटेल असं लिहिलंत. पुलाच्या तळापासून भरावापर्यंत नेमकं किती अंतर उरलंय ते टेपने मोजा आणि फोटो काढा. तक्रारीत 'खूप भराव' लिहू नका, फूट-इंच लिहा.

मिठीबाईचा_विद्यार्थी | १६ जानेवारी

मुंबईकडून हजेरी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला तेव्हा आम्हाला कळलं की मिठी नावाची नदी आहे. तोपर्यंत तो नाला होता. दोन्ही काठांवर भंगार, तेलाचे पिंप, भराव.

आमच्याकडे खाडीकाठी तुमच्यासारखंच चालतं. कांदळवनावर रात्री डेब्रिज, म्हणजे राडारोडा, टाकतात. झाडं तोडावी लागत नाहीत. भरतीचं पाणी आत यायचं थांबलं की ती उभ्या-उभ्या वाळतात. दोन वर्षांनी 'इथे कांदळवन नाहीच' म्हणायला मोकळे.

अधिकृत डंपिंगबद्दल वर वाद झाला म्हणून एक सांगतो. देवनारचं डंपिंग ग्राउंड १९२७ साली सुरू झालं. जानेवारी २०१६ च्या शेवटी लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात, २९ फेब्रुवारीला, उच्च न्यायालयाने मुंबईतल्या नव्या बांधकामांना परवानगी देऊ नका म्हणून सांगितलं, कारण कचरा टाकायला जागाच नाही. बंदी उठायला मार्च २०१८ उजाडलं, तीही सर्वोच्च न्यायालयातून, सहा महिन्यांसाठी आणि अटींवर. त्या काळात माझे सासरे फ्लॅट बुक करून बसले होते. देवनारचा धूर त्यांच्या हप्त्यात शिरला, असं ते अजून म्हणतात.

मिटमिट्याचा | १७ जानेवारी

छत्रपती संभाजीनगर. तेव्हाचं औरंगाबाद. शहराचा कचरा डेपो होता त्या नारेगावच्या लोकांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, 'बस झालं' म्हणाले. शहरात कचरा साठायला लागला. महापालिका जिथं जागा दिसेल तिथं गाड्या पाठवायला लागली. आमच्या मिटमिट्यात आल्या ७ मार्चला. दगडफेक, गाड्या जाळल्या, पोलीस घरात घुसले. पोलीस आयुक्त सक्तीच्या रजेवर गेले, महापालिका आयुक्त बदलले. ऐतिहासिक दरवाजांच्या बाजूला ढीग, सकाळी जॉगिंगला नाक दाबून.

त्या काही महिन्यांत सगळं शहरच बेकायदेशीर डंपिंग ग्राउंड होतं. तुम्ही एका ओढ्याबद्दल बोलताय, भाग्यवान आहात.

कोकणी_कैरी | १७ जानेवारी

गोव्यातही तेच हो. मडगावच्या सोनसोड्याच्या कचरा डेपोला मे २०१९ मध्ये आग लागली, कितीतरी दिवस धुमसत होती. आणि पठारांवर, हायवेच्या वळणांवर पिशव्या. पर्यटक टाकतात म्हणायची फॅशन आहे. आमच्या वाड्याजवळच्या पिशव्या मी एकदा काठीने उचकटून पाहिल्या. आतली विजेची बिलं आमच्याच गावातली.

म्हैसूरपाक | २ फेब्रुवारी

भारतातच हे असं. बाहेर कुणाची हिंमत नाही.

माइनकाठचा_मामा | २ फेब्रुवारी

फ्रँकफुर्टला असतो. इथे घरातलं थोडं बांधकामाचं सामान मनपाच्या संकलन केंद्रावर स्वतःच्या गाडीने नेता येतं, जास्त असेल तर कंटेनर भाड्याने घ्यावा लागतो आणि त्याचे पैसे डोळ्यांत पाणी आणतात. म्हणून इथेही जंगलाच्या कडेला रात्रीत टाइल्स आणि टायर उगवतात. हिंमत सगळीकडे असते, फक्त पकडलं जाण्याची भीती कमी-जास्त.

आणि परवाच, ३० जानेवारीला, युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने इटलीविरुद्ध निकाल दिला. नेपल्स आणि कासेर्ताच्या मधल्या पट्ट्यात माफियांनी वर्षानुवर्षं कारखान्यांचा विषारी कचरा पुरला आणि जाळला, भागाचं नावच 'आगींचा प्रदेश' पडलंय. सरकारला माहीत असूनही काही केलं नाही म्हणून लोकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग झाला, असं कोर्ट म्हणालं. तेव्हा म्हैसूरपाकराव, जरा दमानं.

मुठाकाठी | २३ फेब्रुवारी

बरेच दिवस लिहिलं नाही. कारण सांगतो.

पाटबंधारे_निवृत्त काकांनी सांगितल्याप्रमाणे टेप घेऊन खाली उतरलो. रविवारची सकाळ, सोबत मुलगा. पुलाच्या तळापासून भरावापर्यंत पाच फूट दोन इंच. फोटो काढत होतो तेवढ्यात मुलगा म्हणाला, "बाबा, ही आपली फरशी आहे ना?"

फिकट हिरवी, कोपऱ्यात पांढरं फूल. बिल्डरने दिलेली. बारा वर्षं रोज सकाळी दात घासताना तिच्याकडे बघितलंय, चुकायची सोय नाही. शेजारी सिमेंटची गोणी फाटलेली होती, तिच्यावर मार्करने आमचा फ्लॅट नंबर. कामगारांनीच घातला होता, लिफ्टखाली कोणत्या गोण्या कुणाच्या ते कळावं म्हणून.

नोव्हेंबरात आम्ही दोन्ही बाथरूम केली. मी पहिल्या पोस्टमध्ये 'दिवाळीपासून प्रकार वाढला' लिहिलंय. वाढला खरा. आमच्या इमारतीत दिवाळीनंतर पाच घरांची कामं निघाली होती.

कोटेशन काढून बघितलं. शेवटून दुसरी ओळ, 'डेब्रिज उचलणे – ४,५०० रु.' मी त्यावर घासाघीस करून पाचशे कमी केले होते. कुठे नेणार हे विचारलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, ते डोक्यातच आलं नाही. गोण्या लिफ्टखालून गेल्या, विषय संपला.

कंत्राटदाराला फोन केला. जरा आवाज चढवूनच. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, चार हजारात ओढाच येतो."

बिनपाण्याचा_मासा | २३ फेब्रुवारी

😶

सुमनची_लेक | २३ फेब्रुवारी

लिहिलंत हे बरं केलंत. बहुतेकांनी धागा बंद केला असता.

अस्सल_पुणेरी_७७ | २३ फेब्रुवारी

कंत्राटदारावर गुन्हा दाखल करा. त्याने तुमची फसवणूक केली आहे.

दोन_ब्रास | २४ फेब्रुवारी

फसवणूक कसली, दर ऐकूनच कळायला हवं होतं. पण मुठाकाठी, मनाला लावून घेऊ नका. मी ज्यांच्याकडे काम केलं त्या शंभर गिऱ्हाइकांपैकी एकानेही 'माल कुठे जाणार' विचारलेलं मला आठवत नाही. फरशीचा शेड जुळावा म्हणून चार दुकानं फिरतात.

आता कामाचं. पुढच्या वेळी (किंवा सोसायटीतल्या पुढच्या घराला) एवढंच करायला सांगा. राडारोड्याची रक्कम कामाच्या बिलातून वेगळी काढायची आणि प्रकल्पाच्या वजनकाट्याची पावती हातात आल्याशिवाय ती द्यायची नाही. पावतीवर गाडीचा नंबर, तारीख आणि वजन असतं. तुमच्या बाथरूमच्या मानाने वजन बरोबर वाटतंय का बघा. विटा-काँक्रीटचा माल असेल तर एक ब्रास चार टनांच्या आसपास भरतो. पाच घरांची कामं एकाच वेळी निघत असतील तर एक गाडी पूर्ण भरते आणि वाघोली परवडते. एकेकट्याने केलं की नाही परवडत. सोसायटीने फर्निचर-नूतनीकरणाची अनामत घेता ना? त्याच फॉर्ममध्ये पावतीची अट घाला.

पाटबंधारे_निवृत्त | २४ फेब्रुवारी

पाच फूट दोन इंच हा आकडा तक्रारीत जसाच्या तसा घाला.

आणखी एक. ओढा सातबाऱ्यावर शोधत बसू नका, बहुतेक वेळा सापडणार नाही. तो गाव नकाशावर असतो. भूमी अभिलेखच्या कार्यालयातून नकाशाची नक्कल काढा, त्यावर ओढ्याची मूळ रुंदी दिसते आणि दोन्ही काठांचे गट नंबरही दिसतात. त्या गट नंबरांचे सातबारे ऑनलाइन निघतात. दोन_ब्रास यांनी विचारलेल्या 'जमीन कुणाची' या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. अर्ज एका ठिकाणी देऊ नका. क्षेत्रीय कार्यालय, तहसीलदार, पाटबंधारे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ, चौघांना एकाच तारखेला, प्रत्येकाला इतर तिघांच्या नावांसह. नाहीतर प्रत्येक जण 'आमच्या हद्दीत येत नाही' म्हणेल. हे मी अनुभवाने सांगतोय, कारण नोकरीत असताना असं उत्तर मीही दिलेलं आहे.

आगीचं वेगळं लिहा. उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई घ्यावी, असा हरित लवादाचा डिसेंबर २०१६ चा आदेश आहे.

कोकणी_कैरी | २४ फेब्रुवारी

आणि रात्री एकटे खाली जाऊन डंपर अडवू नका हां. गॅलरीतून गाडीचा नंबर आणि वेळ येईल असा व्हिडिओ पुरे.

फुरसुंगीकर | २५ फेब्रुवारी

वरच्या माझ्या पोस्टमध्ये 'थोडं बरं वाटलं' लिहिलं होतं, ते मागं घेतो.

मुठाकाठी | २७ एप्रिल

हालहवाल. गाव नकाशा मिळायला सात आठवडे लागले. त्यावर ओढा आमच्या आजच्या ओढ्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. पलीकडच्या काठाचा गट कुणाच्या नावावर आहे ते बघितलं, इथे लिहीत नाही. चौघांना अर्ज दिले. दोन ठिकाणांहून 'पुढील कार्यवाहीसाठी वर्ग' असं पत्र आलं, एकाने दुसऱ्याकडे वर्ग केलंय, दुसऱ्याने पहिल्याकडे.

पण पाहणी झाली. कनिष्ठ अभियंता येऊन गेले, पंचनामा केला. तेव्हापासून आमच्या बाजूला डंपर आलेला नाही. दोन गल्ल्या सोडून पुढे जातात, आवाज अजून ऐकू येतो.

सोसायटीच्या सभेत पावतीचा ठराव मांडला. अध्यक्ष म्हणाले, सभासदांवर उगाच भुर्दंड. मी फरशी पिशवीतून नेली होती, ती टेबलावर ठेवली. अकरा विरुद्ध नऊ मतांनी झाला मंजूर. नऊ जणांत माझे शेजारी आहेत, ते अजून बोलत नाहीत.

दोन_ब्रास | २८ एप्रिल

अभिनंदन, अकरा पुष्कळ झाले. राडारोड्याचे नवे नियम याच महिन्यात निघालेत, लागू १ एप्रिल २०२६ पासून. २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांवर जास्त जबाबदारी टाकली आहे. आपली बाथरूमं त्या आकड्याच्या आसपासही नाहीत, म्हणून तुमचा ठराव जपून ठेवा.

मुठाकाठी | २४ मे

काल पावसाळापूर्व नालेसफाईला जेसीबी आला! पुलाखालून बराच भराव काढला, पुन्हा टेप लावली तर आठ फूट भरले. आई गॅलरीतून टाळ्या वाजवत होती.

काढलेला सगळा माल ओढ्याच्या काठावर, अगदी कडेला, ढीग करून ठेवलाय. आमची हिरवी फरशी सगळ्यात वर आहे, गॅलरीतून दिसते.

पाटबंधारे_निवृत्त | २४ मे

काठावरून उचलणार कधी? पाऊस आठ-दहा दिवसांवर आलाय.

मुठाकाठी | २४ मे

विचारलं. काढायचं टेंडर वेगळं आणि वाहून न्यायचं वेगळं आहे म्हणे. वाहून न्यायचं अजून उघडलेलं नाही.

दोन_ब्रास | २४ मे

किती ब्रास असेल अंदाजे? मोजता येईल असा फोटो टाका, शेजारी माणूस उभा करून. आणि सोसायटीत बघा, अकरा जण वर्गणी काढतील का. माझ्या ओळखीचा एक गाडीवाला आहे, वाघोलीला नेतो, पावती देतो.

मुठाकाठी | २४ मे

उद्या सकाळी फोटो टाकतो. मुलाला उभा करतो शेजारी.